साडूचे स्नायू

माझ्या साडूला धाप लागलेली मी आजवर एकदाही पाहिली नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

तो माझ्याहून चांगला पाच-सहा वर्षांनी मोठा आहे. नोकरी केली ती कसली, तर विमा कंपनीत टेबलाशी बसून सह्या करायच्या. म्हणजे तरुणपणी ओझी वाहिली, कुस्त्या खेळल्या, असलं काहीही त्याच्या नावावर जमा नाही. तरीही आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती, हमाल ‘फ्रिज उद्या चढवू’ म्हणून जिन्यात बसून राहिले होते, तेव्हा या गृहस्थाने फ्रिजला एक पट्टा बांधला, तो पाठीवर घेतला आणि तिसऱ्या मजल्यावर आणला. वर आल्यावर विचारलं, “कुठे ठेवू?” पाठीवर फ्रिज असताना. आमच्या हिने ‘इथे नको, जरा तिकडे बघू’ असं करत त्याला स्वयंपाकघरात दोनदा फिरवलं, तरी त्याच्या आवाजात फरक नाही. मी त्या वेळी दोन उशा घेऊन वर येत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा होतो.

शिवाय त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. कुणी विचारलं की अहो, या वयात हे जमतं कसं, तर खाली मान घालून म्हणतो, “मी काही विशेष करत नाही हो.” रोज पहाटे उठून व्यायाम करतो म्हणाला असता तर मी समजू शकलो असतो. आपण करत नाही, तो करतो, विषय संपला. पण माणसाने काहीही न करता बळकट असावं आणि ते नम्रपणे सांगावं, हा माझ्या मते समोरच्याचा अपमान आहे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं गिळत आलो होतो. पण हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि प्रकरण माझ्या अंगाशी आलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा बदलल्यावर पहिले काही आठवडे घरात कुणीतरी भक्कम माणूस हवा. उठताना, बसताना, बाथरूमला जाताना आधाराला. ‘भक्कम’ हा शब्द उच्चारताना ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर आणखी कुणी थांबलंय का, एवढाच त्या बघण्याचा अर्थ होता.

घरी येताना बसमध्ये ही म्हणाली, “भावोजींना महिनाभर राहायला बोलवू या का?”

“कशाला?”

“ताईही येईल. स्वयंपाकाचं ती बघेल आणि मला उठवायला-बसवायला भावोजी आहेत.”

“आणि मी कोण आहे?”

“तुम्ही आहातच हो. पण तुमच्या कंबरेला काही झालं तर आपण दोघं एकमेकांकडे बघत बसू.”

“माझ्या कंबरेला काय झालंय?”

“झालं नाहीये, म्हणूनच म्हणतेय.”

बायकांचा हा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात टिकतो. मी खिडकीबाहेर बघत बसलो. डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट होतं. माझ्या घरात, माझ्या पलंगाशेजारी, माझी बायको साडूच्या गळ्यात हात टाकून उठतेय, आणि मी बाजूला टॉवेल घेऊन उभा आहे. खरं सांगतो, मला हेवा वाटला. इतक्या वर्षांच्या संसारात हिला उचलायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, आणि आता आला तर तो परस्पर साडूकडे चालला होता.

“महिना आहे अजून,” मी म्हणालो. “तोपर्यंत माझी तयारी झाली तर बोलवायचं नाही. नाही झाली, तर तुझे भावोजी आणि तू.”

“बरं,” ती म्हणाली. ज्या आवाजात ती दूधवाल्याचं ‘उद्यापासून वेळेवर येतो’ ऐकून घेते, त्या आवाजात.

आता तयारी कशी करायची हा प्रश्न. त्याचं उत्तर मला त्याच इस्पितळाच्या पॅसेजमध्ये मिळालं. हिच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या आणि मी भिंतीवर जे असेल ते वाचत होतो. तिथे एक सूचना लावली होती. वाढत्या वयात स्नायूंची ताकद का कमी होते आणि त्याचा पेशींमधल्या चयापचयाशी काय संबंध, यावर संशोधन चालू आहे, पंचावन्नच्या पुढच्यांनी नाव नोंदवावं, तपासण्या मोफत. मी म्हटलं, वा. आपल्या ताकदीचा दाखला इस्पितळानेच दिला, तोही सही-शिक्क्यासह, तर मग घरात कुणाची बोलायची बिशाद आहे?

नाव नोंदवायची खिडकी तळमजल्यावर होती. तिथल्या बाईंनी सांगितलं, आधी वजन-उंची करून या. वजन-उंचीवाल्याने सांगितलं, आधी नाव नोंदवून या, नाहीतर मी कुणाचं वजन म्हणून लिहू? मी सारं आयुष्य वीज कंपनीच्या तक्रार विभागात काढलंय. लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवणं हे माझं अन्न आहे. पण तेच काम दुसऱ्याने माझ्यावर केलेलं मला सहन होईना. शेवटी मी माझं ओळखपत्र काढून खिडकीवर ठेवलं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, “अय्या, तुम्हीच का ते? आमच्या गल्लीतली वीज परवा गेली तेव्हा ‘माणूस निघालाय’ असं तीनदा सांगितलं होतंत.” त्यानंतर माझा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

तपासणीच्या दिवशी साडू कुठून उपटला, तर हिचे रिपोर्ट घ्यायला ताईने त्याला पाठवलं होतं. मी नको नको म्हणत असताना तो सोबत आत आला. तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याने माझ्या हातात मूठ आवळायचं एक यंत्र दिलं. मी सर्व शक्ती लावली. दातही लावले म्हणा ना. काटा हलला आणि मधे कुठेतरी बिचकून थांबला. मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, पुन्हा उठायचं. तेही मी केलं. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि डोकं खाजवलं.

“काका, जरा अडचण आहे. आमचे दोन गट आहेत. एक वयाच्या मानाने खूप ताकदवान लोकांचा, आणि एक खूप अशक्त झालेल्यांचा. दोघांच्या पेशींची तुलना करायची आहे. तुम्ही कुठल्याच गटात बसत नाही.”

“मग मला मधल्या गटात घ्या.”

“मधला गट नाहीये, काका. मधल्यांचा अभ्यास करत नाही आम्ही.”

बघा म्हणजे. स्नायूंच्या बाबतीतही मी मध्यमवर्गीयच निघालो. वरच्यांचा मान नाही आणि खालच्यांच्या सवलती नाहीत. मी म्हणालो, थोडा अशक्त धरा हवं तर. तो म्हणाला, त्यासाठी तुम्हाला आणखी बरंच खालावावं लागेल. हे त्याने धीर द्यायला सांगितलं असावं.

मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात मागून डॉक्टरचा आवाज आला, “अहो, हे काय करताय?” साडूने ते यंत्र कुतूहलाने उचललं होतं आणि सहज दाबलं होतं. काटा पलीकडच्या टोकाला जाऊन उभा होता. डॉक्टरने त्याला पुन्हा दाबायला लावलं. मग बाजूच्या खोलीतून दोन डॉक्टरणी आल्या, त्यांच्यासमोर पुन्हा. त्यांनी वय विचारलं. साडूने सांगितलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या, माणसं तान्ह्या बाळाकडे बघून हसतात तशा. “तुम्ही करता काय रोज?” एकीने विचारलं. साडूने खाली मान घातली. पुढचं वाक्य मी ऐकलं नाही, कारण मी पॅसेजमध्ये निघून गेलो होतो.

पण त्या तरुण डॉक्टरला माझी दया आली. तो बाहेर आला आणि मला समजावून सांगायला लागला. स्नायूंच्या प्रत्येक पेशीत म्हणे छोटी छोटी वीजघरं असतात. आपण खातो त्यातून ती वीज बनवतात आणि त्या विजेवर स्नायू चालतात. वय वाढलं की वीजघरं कमी होतात, उरलेली जुनी होतात, चयापचय मंदावतं. शिवाय काम करताना स्नायूंची जी बारीक झीज होते ती भरून काढायलाही वीज लागते, म्हणून दुरुस्तीला वेळ लागतो. “पण व्यायाम केला की नवी वीजघरं तयार होतात. कुठल्याही वयात,” तो म्हणाला. “फक्त मधे विश्रांती द्या. एक दिवस व्यायाम, मग दोन दिवस सुट्टी. दुरुस्तीला वेळ दिला नाहीत तर उलटंच होईल.”

वीजघर, मंदावलेला पुरवठा, दुरुस्तीला लागणारा वेळ. मी आजवर जे लोकांना फोनवर ऐकवत आलो ते माझ्याच मांडीत चाललं होतं. विषय मला इतका चटकन कळला की मी शेवटची दोन वाक्यं नीट ऐकलीच नाहीत.

घरी आल्यावर मी हिला स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं, “माझं चयापचय मंदावलंय.” ही तेव्हा ताईशी फोनवर बोलत होती आणि मिक्सर चालू होता. तिने फोनमध्ये सांगितलं, “अगं, ह्यांचं चयापचय मंदावलंय म्हणतायत.” पलीकडे ताईने काय ऐकावं, तर ह्यांना चहा पचत नाही.

ताईच्या कानात पडलेली गोष्ट ताईच्या कानात राहत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भूगोलाच्या मास्तरांकडे गेलो तर सगळ्यांना चहा आला आणि मला कोमट पाणी. मास्तर म्हणाले, “कळलं आम्हाला. सोडाच तुम्ही चहा. पोटाशी खेळ नको.” मी म्हणालो, “मास्तर, चहा नाही, चयापचय.” ते म्हणाले, “तेच. चहा, अपचय.” मास्तर असून त्यांनी शब्दाची संधी सोडवून दाखवली, तेव्हा मी काय बोलणार? त्यांची मुलगी माझ्या ऑफिसात. त्यामुळे ऑफिसातही चहावाला माझ्या टेबलाला वळसा घालून जायला लागला. एका मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर कपाला हात घातला तर साहेबांनी स्वतः तो माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाले, “या वयात मोह आवरावा लागतो.” पंधरा माणसांसमोर. मी त्यांना एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, च, या, प, च, य. ते म्हणाले, “हो हो, आमच्या सासऱ्यांनाही होतं ते.”

आणि साडू? त्याला सगळीकडे दोन दोन कप. एक त्याचा आणि एक ‘यांना चालत नाही, तुम्हीच घ्या’ म्हणून माझा.

अशा परिस्थितीत मी व्यायामाला लागलो. मास्तर सल्ला द्यायला तयारच होते. त्यांचं म्हणणं, स्नायू त्याच कामासाठी तयार करावा जे काम करायचंय. म्हणजे मला बायकोच्या वजनाची वस्तू उचलायला हवी. आता बायकोचं वजन किती, हा प्रश्न विचारून अजून संसारात टिकलेला नवरा मला माहीत नाही. मी अंदाजाने ठरवलं. माळ्यावरची मोठी सूटकेस काढली, तिच्यात जुनी वर्तमानपत्रं दाबून भरली, वर दोन इस्त्र्या ठेवल्या आणि ती खुर्चीवर बसवली. मग समोर उभं राहून, कवेत घेऊन, सावकाश उठवायची, चार पावलं चालवायची, परत बसवायची. ही बाजारात गेली की माझा सराव सुरू. आजारी माणसाशी बोलताना आवाजही मृदू ठेवावा लागतो, म्हणून मी बोलण्याचाही सराव करायचो. “हळू. घाई नाही. माझ्या खांद्यावर भार दे. अशी. आता बस, दमली असशील.”

समोरच्या इमारतीतल्या बाईंना आमचा हॉल थेट दिसतो. त्यांना खुर्चीची पाठ आणि माझी कवेत घ्यायची पोझ दिसली. खिडकी उघडी असल्याने वाक्यंही पोचली. सूटकेस दिसली नाही. संध्याकाळी हिने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “दुपारी कोण आली होती?”

मी तिला माळ्याखाली नेऊन सूटकेस दाखवली. उघडून वर्तमानपत्रं दाखवली. इस्त्र्या दाखवल्या. तिने सगळं बघितलं. मला वाटलं आता हसेल. तिचे डोळे मात्र बारीक झाले.

“हिच्याशी बोलत होतात? इतक्या प्रेमाने?”

“अगं, सराव करत होतो.”

“दमली असशील म्हणालात म्हणे हिला.”

“तुझ्यासाठीच ना.”

“माझ्याशी कधी बोललात का असं? पंचवीस माणसांचा स्वयंपाक करून मी ओट्याशी उभी असायचे तेव्हा म्हणालात कधी, बस, दमली असशील?” असं म्हणून तिने सूटकेसला पायाने बाजूला सारलं, दुखऱ्या पायाने, आणि कण्हत आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सूटकेसचा हेवा करणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पण आतून मला बरंही वाटलं, हे कबूल करायला हवं. आपल्यापायीही कुणी कुणाचा हेवा करू शकतं, हे कळायला साठी उलटत आली.

या आनंदात मी जोर वाढवला. पहिल्या दिवशी इतक्या उठबशा काढल्या की खुर्ची कुरकुरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर काही नाही. थोडं जड वाटत होतं इतकंच. मी मुद्दाम साडूला फोन करून सांगितलं की आपल्याला काही दुखत-बिखत नाही, आपल्या पेशी आतून तरुण असाव्यात. आणि त्या दिवशीही तेवढ्याच काढल्या. जिना चढलो, उतरलो, परत चढलो. मास्तर खालून मोजत होते आणि टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी संडासात बसलो आणि मला उठता येईना.

ही गोष्ट मी विस्ताराने सांगणार नाही. बाहेरून हिने दोनदा विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “वाचतोय.” आत वाचण्यासारखं काहीही नव्हतं. शेवटी पाण्याच्या पाइपला धरून मी वर आलो. मांड्या कुणीतरी रात्रभर बडवल्यासारख्या झाल्या होत्या. हात वर करून भांग पाडता येईना. जिना उतरताना मी उलटा, तोंड भिंतीकडे करून उतरलो. ऑफिसात खुर्चीत बसायच्या आधी दोन्ही बाजूंना बघून घ्यायचो, कुणी बघत नाहीये ना, आणि मग स्वतःला वरून सोडून द्यायचो.

मी त्या तरुण डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, “काका, सांगितलं होतं ना, मधे सुट्टी द्या म्हणून? दुरुस्ती चालू आहे आत. तुमच्या वयात तिला वेळ लागतो.”

“कधी होईल?”

“नक्की सांगता येत नाही. काम चालू आहे. धीर धरा.”

शब्द न् शब्द माझे होते. लोक मला फोनवर का ओरडतात, ते मला त्या दिवशी कळलं.

पण धीर धरायला सवड कुठे होती? ऑपरेशन तोंडावर आलं होतं. ताईचा फोन यायचा, “हे तयारच आहेत यायला, बॅग भरून ठेवलीय.” भरलेल्या बॅगेची ती बातमी ऐकली की मी दुखऱ्या मांड्यांनी पुन्हा सूटकेसला जाऊन भिडायचो. दुरुस्ती होऊ द्यायची नाही आणि पुन्हा मोडायचं, असा माझा कार्यक्रम चालला होता. परिणाम असा की महिन्याच्या सुरुवातीला मी जी सूटकेस चार पावलं चालवत होतो ती महिन्याच्या शेवटी मला खुर्चीवरून हलेना. मी इस्त्र्या काढल्या. मग वर्तमानपत्रं कमी केली. डॉक्टर म्हणाला होता तसा मी आता खराच खालच्या गटाच्या जवळ आलो होतो, पण तिथली भरती संपली होती.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या. वयाने लहान, आवाजाने हेडमास्तर. हिचा वॉकर समोर ठेवून त्यांनी विचारलं, “घरी सोबतीला कोण असणार?”

“मी,” मी म्हणालो.

“हे,” ताई साडूकडे बोट दाखवून म्हणाली. एकाच वेळी.

बाईंनी आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “दोघंही करून दाखवा. काकू खुर्चीत आहेत. त्यांना उभं करायचंय.”

साडू पुढे झाला. त्याने हिच्या पाठीमागून एक हात घातला, काखेखाली दुसरा, आणि हिला सरळ उभी केली. फूल परडीतून काढावं तशी. ही नुसती ‘अगं बाई’ म्हणाली, तोवर उभीसुद्धा होती. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मान डोलावली. ताईने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. संपलं, म्हटलं. उद्यापासून तो माझ्या घरात, आणि मी हातात टॉवेल घेऊन.

“बसवा. परत खाली बसवा त्यांना,” बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. “तुम्ही उचललंत. त्यांच्या पायाने काय केलं? काही केलं नाही. मांडीला काम मिळालं नाही तर ती सुकते, आणि या वयात गेलेली ताकद परत यायला फार वेळ लागतो. पेशींना कामच नाही तर त्या कशाला जोर धरतील? तुम्ही घरी असलात तर काकू सहा महिन्यांतही स्वतःच्या पायावर उभ्या राहायच्या नाहीत.”

साडूचे ते मोठे हात काय करावं ते न कळून तसेच हवेत राहिले. मला झालेला आनंद मी लपवायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, असं हिने नंतर सांगितलं.

मग माझी पाळी. मी वाकलो, आणि वाकल्याबरोबर मांड्यांनी मला आठवण करून दिली. हात हिच्या पाठीपर्यंत पोचला, पण त्यात बळ म्हणून काही नव्हतं. मी हिच्या कानाशी म्हणालो, “अगं, मला नाही उचलवत. तूच बघ जरा.” हिने माझ्याकडे जी नजर टाकली, ती मी आयुष्यभर ओळखतो. मग वैतागून तिने खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, ओठ आवळले, आणि स्वतः उठली. हळूहळू, कण्हत, पण स्वतः. मी शेजारी नुसता उभा होतो.

“हां,” बाई म्हणाल्या. “हा माणूस पाहिजे. जवळ राहणारा, पण न उचलणारा. काका, तुम्ही बरोबर केलंत. कुठे शिकलात?”

मला खरंतर उत्तर द्यायचं होतं, पण सगळ्यांसमोर माझ्या अशक्तपणाला पहिला नंबर मिळाला होता आणि अशा मानावर काय बोलावं ते मला सुचेना. अपमान झाला की गौरव, हे ठरवायला मी पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसलो. ती चूक झाली. बाई म्हणाल्या, “चला काका, त्यांना दारापर्यंत चालवून आणा.” सगळे थांबले. मी एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. स्टूल माझ्यासकट थोडं पुढे सरकलं, मी मात्र तिथेच.

हिने एक हात वॉकरवर घट्ट ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे केला. “द्या हात,” ती म्हणाली. नवा गुडघा, पाच दिवसांचे टाके, आणि तिने मला ओढलं. बाई ओरडायला पुढे झाल्या आणि थांबल्या. मी वर आलो. दोघंही एकमेकांना धरून, डुगडुगत, पण उभे होतो. ही माझ्याकडे चिडून बघत होती आणि हसतही होती.

मी साडूकडे पाहिलं. ताई त्याच्या शेजारी पर्समध्ये रिक्षासाठी सुट्टे पैसे शोधत होती. त्याला उठायचं असतं तर तिने वर बघितलंही नसतं. आजवर कधी बघायची वेळच आली नव्हती. तो हिच्या हाताकडे बघत होता. माझा हात ज्यात होता, त्या हाताकडे.

“तुमचं बरं आहे,” तो मला हळूच म्हणाला.

“माझं?”

“मला असा कुणी हात दिलाच नाही कधी. कुणाच्या मनातच येत नाही हो.”

तो चेहरा मला पाठ आहे. रोज दाढी करताना मी तो आरशात बघत आलोय. एखादा मोठ्या मनाचा माणूस असता तर त्याला वाईट वाटलं असतं, त्याने पुढे होऊन साडूच्या खांद्यावर हात ठेवला असता.

मी उभा राहिलो होतो, आधाराची गरज संपली होती. तरी मी हिचा हात सोडला नाही. आणखी थोडा वेळ धरून ठेवला, साडूला नीट दिसेल अशा बेताने.